नववं पिल्लू

नऊ आणली होती, खोक्याला भोकं पाडून,
गावच्या बसमध्ये मांडीवर धरून.
आठ आता तळ्याच्या काठाला चिखल चाळत असतात.
नववं बसलेलं,
पाय फेंगडून, घोटे सुजलेले,
पाण्याच्या वाटीपर्यंत जायचं तर
पंखांच्या खुंटांनी जमीन वल्हवत.

ओताकर म्हणाला, मान मुरगळून टाक, बोहदाना.
वाईट मनानं नाही म्हणाला.
त्याच्या आईनं तेच केलं असतं
आणि हात धुऊन कणीक तिंबायला घेतली असती.
मीही उठले होते. पिलाला उचललं,
तर त्यानं माझ्या बाहीचं बटण
दाणा समजून टोचलं.
तेवढ्यावर राहिलं.

डॉक्टर कुबेलकोवा फोनवर: खायला काय घालता?
कोंबडीच्या पिलांचं, म्हटलं. दुकानात तेच होतं.
ती जरा थांबली.
कोंबडीचं बदकाला पुरत नाही हो.
एक जीवनसत्त्व असतं, ते बदकाला फार लागतं,
नाही मिळालं की पहिल्यांदा पाय जातात.
तुमची चूक नाही, म्हणाली,
ज्या आवाजात लोक
चूक तुमचीच आहे असं सांगतात.

औषध निघालं बिअरच्या कारखान्यात.
पिंपाच्या तळाशी बसलेलं यीस्ट
वाळवून, दळून, घोडेवाल्यांना विकतात.
सायकलवरून पिशवी आणली. उघडली,
आणि स्वयंपाकघरात वास भरला
ओताकरच्या जुन्या शर्टांचा.
एकतीस वर्षं त्यानं तिथली पिंपं लोटली.
हसला. म्हणाला,
मी एवढं रिचवलं, माझे गुडघे कुठे सुधारले?

ओल्या भरड्यावर चमचाभर, सकाळ-संध्याकाळ.
मटार चिमटीत चिरडून.
खोक्यातला पेपर काढून टाकला,
गुळगुळीत बातम्यांवरून पाय सरकतात;
न्हाणीघरातली रबरी चटई कापून घातली.
ओताकर चार दिवस न्हाणीत घसरत होता,
बोलला मात्र काही नाही.

आणि टब.
कोमट पाणी, पिलाला पाय टेकणार नाहीत इतकं.
जमिनीवर जे पाय नुसते पसरलेले,
ते पाण्यात एकदम शहाणे.
डावा. थांबून उजवा. परत डावा.
माझा तळहात पोटाखाली, न लावल्यासारखा,
आणि त्यात
शिवणयंत्रासारखं धावणारं काळीज.
पाच मिनिटं, जास्त नाही.
आईविना वाढलेल्याच्या पिसांवर तेल नसतं,
भिजलं की आतपर्यंत भिजतं.
मग टॉवेल, मग दिवा,
मग माझ्या स्वेटरवर हिरवट डाग.

तिसऱ्या दिवशी काही नाही.
चौथ्या दिवशी काही नाही, आणि मी चिडून
टब तसाच भरलेला ठेवून झोपले.
सहाव्या दिवशी ते उभं राहिलं,
जत्रेतल्या दारुड्यासारखं,
आणि बसलं.
ओताकर तेव्हा दारात होता.
त्यानं पाहिलं, मी पाहिलं,
दोघांनीही दुसऱ्याच कशाचा तरी विषय काढला.

आता ऑक्टोबर.
रविवारी गावजेवण, त्याची बहीण येणार, तिची मुलं येणार,
कोबी चिरून मिठात घातलाय,
शहाजिरं आणलंय.
बदकं कशासाठी पाळली होती
हे या घरात कुणी विसरलेलं नाही.
मीही नाही. मला भाजलेल्या बदकाची साल आवडते.

संध्याकाळी तळ्यावरून नऊच्या नऊ वर येतात,
एकामागे एक, ढुंगणं हलवत, भांडत.
मी कुंपणाशी उभी राहून लंगडं शोधते.
लंगडं कुणी नाही.
इतकं बरं केलं मी त्याला
की ते आता कुठलंही असू शकतं.

ओताकर सुरी दगडावर घासता घासता विचारतो,
तुझं कुठलं ते सांगून ठेव,
त्याला वगळतो.

मी सांगत नाही.
मला माहीत नाही, हेही सांगत नाही.